दाणा आणि शेंग : लहान मुलांना ऱ्हस्व-दीर्घ ऐकायला कसे शिकवावे

दुसरीतल्या मुलाच्या वहीत ‘दूधात साखर घातली’ असे वाक्य दिसले की आपला हात लाल पेनाकडे जातो. ‘दू’भोवती गोल पडतो, समासात ‘दु’ लिहिला जातो आणि तो शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगितले जाते. त्या मुलाने काय विचार केला होता, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याने ‘दूध’ हा शब्द बरोबर पाठ केला होता, त्याला ‘आत’ जोडला होता आणि त्याच्या हिशेबाने त्यात काहीही चुकले नव्हते. ‘दुधात’ म्हणताना आपला आवाज ‘दु’वर रेंगाळत नाही, तो ‘धा’वर जाऊन रेंगाळतो, एवढेच त्याच्या कानाने टिपले नव्हते, आणि ते टिपायला त्याला कोणी शिकवलेही नव्हते.

ऱ्हस्व-दीर्घ हा आपण वहीचा विषय मानतो, पण लहान वयात तो आधी कानाचा विषय असायला हवा. नियम पाठ करून घेतलेली मुले चाचणीपुरते बरोबर लिहितात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ‘फूलाला’, ‘विहीरीत’, ‘बहीणीने’ लिहू लागतात. ज्या मुलाला शब्दाची लय ऐकू येऊ लागते, त्याला निम्म्याहून अधिक नियम वेगळे सांगावे लागत नाहीत. पुढे दिलेली पद्धत साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि ती घरी आई-बाबा किंवा आजी-आजोबा, तसेच वर्गात शिक्षकही वापरू शकतील. रोज दहा मिनिटे पुरतात. एकाच दिवशी तासभर बसवण्याचा उपयोग होत नाही.

आधी आपण मोठ्यांनी समजून घ्यायची गोष्ट

मराठीत ‘अ’ आणि ‘आ’ यांतला फरक कोणत्याही मुलाला सहज ऐकू येतो, कारण त्यात आवाजाची लांबी बदलतेच, शिवाय तोंडही वेगळे उघडते. ‘घर’ आणि ‘घार’ यांत कोणी गोंधळत नाही. अडचण येते ती ‘इ-ई’ आणि ‘उ-ऊ’ या जोड्यांपाशी. केवळ या स्वरांच्या लांबीमुळे अर्थ बदलतो अशा घरगुती शब्दांच्या जोड्या मराठीत जवळजवळ नाहीत. ‘दिन-दीन’, ‘सुत-सूत’, ‘शिर-शीर’ या जोड्या व्याकरणाच्या पुस्तकात असतात, पण सहा वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात ‘दीन’ही नसतो आणि ‘सुत’ही नसतो. म्हणून अशा जोड्यांपासून सुरुवात करणे हे उलट्या टोकाने शिकवणे होय.

रोजच्या मराठीत ‘इ’ आणि ‘उ’ किती लांबवायचे, हे बहुतेक वेळा त्यांच्या शब्दातल्या जागेवरून ठरते. ‘कीड’ म्हणताना ‘की’ लांब होते आणि ‘किडा’ म्हणताना ‘कि’ आखूड होऊन ‘डा’ लांबतो. ‘फूल’ आणि ‘फुलात’, ‘मीठ’ आणि ‘मिठाचा’, ‘सून’ आणि ‘सुनेला’ या सगळ्यांत लांबी शब्दाच्या शेवटाकडे सरकते. ही सरकणारी लांबी मुलाच्या बोलण्यात आधीपासूनच असते. कोणीही मूल खेळताना ‘फूऽलात’ असे म्हणत नाही. आपल्याला फक्त, ते जे बोलते आहे तेच त्याला ऐकायला लावायचे आहे.

तेव्हा शिकवायला बसण्यापूर्वी स्वतः एक प्रयोग करावा. ‘बहीण’, ‘बहिणीला’, ‘जमीन’, ‘जमिनीवर’, ‘ऊस’, ‘उसाचा’ हे शब्द साध्या वाक्यांत घालून नेहमीच्या वेगाने बोलावेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत आणि डोळे मिटून ऐकावेत. लिहिताना चुकणाऱ्या मोठ्या माणसांचे उच्चारही बहुधा बरोबर असतात, आणि ते स्वतःच्या कानाने पटले की शिकवताना आत्मविश्वास येतो.

पहिली पायरी : लांब म्हणजे जोरात नव्हे

लहान मुलांना ‘लांब आवाज’ आणि ‘मोठा आवाज’ यांतला फरक सुरुवातीला कळत नाही. ‘ई लांबव’ म्हटले की ती ओरडतात. हा गैरसमज अक्षरांकडे जाण्यापूर्वीच दूर करावा, आणि त्यासाठी स्टीलची एक वाटी व चमचा पुरेसा आहे. वाटी तळहातावर ठेवून तिच्या काठावर चमचा हलकेच मारावा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबावे. मग तेवढ्याच जोराने पुन्हा मारून लगेच काठाला बोट टेकवावे, म्हणजे नाद तिथेच तुटतो. दोन्ही वेळा वाटी तीच, चमचा तोच आणि जोरही तेवढाच होता. बदलला तो फक्त वेळ. चार-पाच वेळा दाखवल्यावर मुलाला पाठमोरे बसवावे आणि कोणता नाद झाला ते ओळखायला सांगावे.

नंतर घरातले आवाज घ्यावेत. कुकरची शिट्टी लांब असते, घड्याळाची टिकटिक आखूड असते. दारावरची टकटक आखूड, पिठाच्या गिरणीची घरघर लांब. कोकिळाची ‘कुहू’ तर यासाठी फारच सोयीची आहे, कारण तिच्यात एक आखूड आणि एक लांब असे दोन्ही उकार एकापाठोपाठ येतात.

पक्ष्या-प्राण्यांच्या आवाजांवरून स्वरांची लांबी शिकवणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या तीन लांबी सांगण्यासाठी ‘उ’ हाच स्वर घेतला, आणि त्याचा संबंध परंपरेने कोंबड्याच्या आरवण्याशी जोडला आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात तर चाष (नीलपंख) पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन मात्रा, मोर तीन मात्रा आणि मुंगूस अर्धी मात्रा, असे कोष्टकच दिले आहे. एक मात्रा म्हणजे ऱ्हस्व, दोन म्हणजे दीर्घ आणि तीन म्हणजे प्लुत, म्हणजे लांबून हाक मारताना आपण ‘आईऽऽ’ म्हणतो तसा स्वर. अर्धी मात्रा व्यंजनाची. हे कोष्टक मुलांना पाठ करायला लावू नये, पण कावळा आणि मोर होऊन ओरडायला त्यांना नक्की आवडते.

दुसरी पायरी : दाणा आणि शेंग

आता लांबी डोळ्यांना दिसायला हवी आणि हाताला लागायला हवी. त्यासाठी मी चवळीच्या शेंगा वापरते. थोड्या शेंगा अख्ख्या ठेवाव्यात, थोड्या सोलून दाणे वेगळे करावेत. ऱ्हस्व अक्षर म्हणजे दाणा, दीर्घ अक्षर म्हणजे शेंग. चवळीचा हंगाम नसेल तर मणी आणि आइस्क्रीमच्या काड्या चालतात. मात्र एक वस्तू दुसरीपेक्षा उघडपणे लांब असावी. एकाच आकाराच्या लाल-निळ्या गोट्या घेऊन चालत नाही, कारण रंगावरून लांबी समजत नाही.

सुरुवात ‘अ-आ’च्या जोड्यांनी करावी : घर-घार, मळ-माळ, दर-दार, तर-तार, रस-रास, गळ-गाळ. मोठ्याने शब्द उच्चारावा आणि मुलाने पहिल्या अक्षरासाठी दाणा किंवा शेंग ठेवावी. अजून लिहायचे काही नाही. ही पायरी बहुतेक मुले दोन दिवसांत ओलांडतात, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवू नये. एक गोष्ट मात्र इथे पाहून घ्यावी. सहा वर्षांचे मूल शांत खोलीतही ‘घर’ आणि ‘घार’ वारंवार एकच ऐकत असेल, किंवा पाठमोरे असताना त्याला ओळखता येत नसेल, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी.

यानंतर बाराखडीकडे यावे. ‘क का कि की कु कू’ हे आपण सुरात म्हणून घेतो आणि त्या सुरात सगळीच अक्षरे सारख्या लांबीची होतात. पुष्कळ मुलांची ‘कि’ आणि ‘की’ अगदी एकसारखी ऐकू येते. बाराखडी म्हणू नये असे माझे म्हणणे नाही, पण ती टाळीवर म्हणावी : ऱ्हस्वाला एक टाळी वाजवून हात लगेच दूर करावेत, आणि दीर्घाला टाळी वाजवून एक हात दुसऱ्या हातावरून कोपरापर्यंत सरकवावा. हात सरकत असेतो आवाज थांबवायचा नाही. ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ ही नावे वर्गात रूढ आहेत आणि ती टाळता येणार नाहीत, परंतु त्यांतून फक्त बाराखडीतला क्रम कळतो, आवाज कळत नाही. म्हणून त्यांच्या जोडीने ‘आखूड वेलांटी, लांब वेलांटी’ असेही म्हणत राहावे.

तिसरी पायरी : सरकणारी शेंग

हा या सगळ्या पद्धतीचा गाभा आहे आणि इथे घाई करू नये. एक शब्द घ्यावा, तो नुसता बोलावा आणि मग प्रत्यय लावून बोलावा. पण दोन्ही वेळा पूर्ण वाक्यात. ‘दूध दे.’ ‘दुधात साखर घाल.’ ‘हे फूल बघ.’ ‘फुलाला वास आहे.’ ‘ऊन पडलं.’ ‘उन्हात जाऊ नको.’ स्वयंपाकघर हा अशा वाक्यांचा खजिनाच आहे : तूप-तुपाची, मीठ-मिठाचा, पीठ-पिठात, खीर-खिरीत, चूल-चुलीवर. ओट्याजवळ उभे राहून काम करता करता हे होते, त्याला वेगळी वेळ लागत नाही.

मुलासमोर ‘दूध’ मांडून घ्यावे. ‘दू’साठी एक शेंग ठेवावी, शेवटच्या ‘ध’मधला ‘अ’ आपण बोलताना जवळजवळ म्हणतच नाही, म्हणून त्याच्यासाठी काही ठेवू नये. मग त्याखाली ‘दुधात’ मांडावे : ‘दु’चा दाणा, ‘धा’ची शेंग. शब्द लांबला तशी शेंग पुढे सरकली आणि ती जिथे होती तिथे दाणा आला. दोन ओळी एकाखाली एक मांडल्या की मुलाला हे दिसते. मग बोट ठेवत ठेवत त्याला दोन्ही शब्द पुन्हा म्हणायला सांगावे.

‘विहीर’ हा शब्द मी मुद्दाम थोडा उशिरा घेते. ‘वि’चा दाणा, ‘ही’ची शेंग. त्याखाली ‘विहिरीत’ : दाणा, दाणा, शेंग. एकदा एका मुलीने हे मांडले, बराच वेळ त्याकडे पाहिले आणि मला विचारले, “बाई, मग ‘विहिरी’मध्ये पण शेंग मागेच का?” मी म्हटले, “तूच म्हणून बघ.” तिने तीन वेळा म्हटले, दर वेळी थोडे हळू, आणि मग स्वतःच तिसऱ्या जागी शेंग ठेवली. तिला मी सांगितलेला एकही नियम त्यात नव्हता.

इथे एक खबरदारी घ्यायची आहे. ज्या शब्दांच्या टोकालाच ‘ई’ किंवा ‘ऊ’ आहे, त्यांतली ती शेंग सहसा प्रत्यय लागला तरी तिथेच राहते : नदी-नदीत, पाटी-पाटीवर, काकू-काकूला, वाळू-वाळूत. शब्दाच्या आतली शेंग सरकते, टोकाची जागा सोडत नाही. हा फरक मूल गोंधळल्यावर सांगण्यापेक्षा दोन्ही प्रकारचे शब्द वेगवेगळ्या दिवशी घेऊन त्यालाच शोधायला लावावा. माणसांच्या नावांना हा खेळ लावू नये, कारण ‘सुनीलला’ म्हणताना नाव आहे तसेच राहते.

मुलाचा कान तयार झाला की नाही, हे पाहण्याची एक चांगली युक्ती आहे. एक काल्पनिक प्राणी काढावा आणि ‘याला ढीप म्हणतात’ असे सांगावे. मग विचारावे, ‘आता या … जेवायला दे, असं म्हणायचं असेल तर कसं म्हणशील?’ मूल ‘ढिपाला’ असे आखूड ‘ढि’ने म्हणेल. मग त्याला ‘ढीप’ आणि ‘ढिपाला’ दाण्या-शेंगांनी मांडायला सांगावे. हा शब्द त्याने कधी पाहिलेला नाही, त्यामुळे पाठांतराचा आधार त्याला मिळत नाही. मांडणी बरोबर आली तर ते खरोखर ऐकते आहे असे समजावे.

चौथी पायरी : शब्दाचे टोक

मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे, हा नियम मुलांना सगळ्यात लवकर जमतो. घरभर फिरून वस्तू गोळा कराव्यात किंवा त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात : पाटी, वही, खुर्ची, सुरी, विळी, चाकू, झाडू, लाडू, पेरू, लिंबू. सगळ्यांच्या टोकाला शेंग. त्याच वेळी ‘विळी’, ‘सुरी’, ‘दिवा’, ‘शिडी’, ‘पिसू’ यांत टोकाला लांब अक्षर असल्यामुळे त्याच्या आधीचे अक्षर आखूड झाले आहे, हेही दाखवता येते. उलट टोकाला ‘अ’ असला की आधीचे अक्षर लांबते : गरीब, वकील, वसूल, सोलापूर. ‘गरीब’ची ‘गरिबी’ झाली आणि ‘वकील’ची ‘वकिली’ झाली की शेंग पुन्हा सरकली.

अपवाद थोडेच आहेत आणि ते भिंतीवर लावून ठेवावेत. ‘आणि’ आणि ‘नि’ ही अव्यये ऱ्हस्व लिहायची. ‘परंतु’, ‘तथापि’ हे शब्द पुढे येतील तेव्हा त्यांची भर घालावी. यांपैकी ‘आणि’ हा शब्द मुलाला पहिलीपासून रोज लागतो आणि बोलताना त्याची ‘णि’ काही आखूड ऐकू येत नाही. म्हणून इथे कानाचा आग्रह न धरता ‘हा शब्द पाहून लक्षात ठेवायचा आहे’ असे सरळ सांगावे. ‘दुडुदुडु’, ‘लुटुलुटु’, ‘रुणुझुणु’ हे नादाचे शब्दही ऱ्हस्वच राहतात, तर ‘हळूहळू’ दीर्घ. लहान मुलांना हे शब्द म्हणायला आवडत असल्यामुळे ते आपोआप लक्षात राहतात.

अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्या बाबतीत कान आणि नियम पुन्हा एकत्र येतात. चिंच, भिंत, उंट, डिंक, कुंकू, तुरुंग यांत टिंब असलेले अक्षर ऱ्हस्व असते, आणि सुट्टी, चिठ्ठी, पुस्तक, किल्ला यांत जोडाक्षराच्या आधीचे अक्षर ऱ्हस्व असते. अनुस्वाराने किंवा जोडाक्षराने त्या अक्षराला आधीच वजन दिलेले असते, स्वराला वेगळे लांबावे लागत नाही. एवढे सांगून पुढे जावे.

पाचवी पायरी : हातात पेन्सिल

ऱ्हस्व वेलांटी लिहिताना मुलांपुढे एक खरीखुरी अडचण उभी राहते. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो आणि मग ‘इ’, पण कागदावर वेलांटीची उभी रेघ ‘क’च्या डावीकडे, म्हणजे आधी येते. मूल ऐकेल त्या क्रमाने ‘क’ लिहून मोकळे होते, मग डावीकडे जागा उरत नाही आणि ते उजवीकडे रेघ ओढून टाकते. ‘की’ लिहिले गेल्यावर आपण म्हणतो, याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. खरे तर त्याला आवाज कळला होता, जागा सापडली नव्हती. म्हणून ‘इ’चा शब्द सांगताना सुरुवातीला काही दिवस त्याला पेन्सिल टेकवण्यापूर्वी ‘दाणा की शेंग?’ असे ठरवायला लावावे. दाणा असेल तर डावीकडची रेघ आधी, मग अक्षर.

‘रु’ आणि ‘रू’ ही जोडी वेगळी शिकवावी लागते, कारण इथे उकार अक्षराच्या पायाशी न लागता त्याच्या उजव्या अंगाला चिकटतो आणि दोन्ही आकार एकमेकांसारखे दिसतात. त्यासाठी एक सुंदर गट हाताशी आहे : वासरू, पाखरू, लेकरू, कोकरू, शिंगरू, फुलपाखरू. बहुतेक पिल्ले-लेकरे, सगळ्यांच्या टोकाला दीर्घ ‘रू’. त्यांच्यासमोर रुमाल, रुपया, रुसवा हे ऱ्हस्व ‘रु’चे शब्द ठेवावेत.

श्रुतलेखन सांगताना मोठ्यांकडून होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. मुलाला नीट ऐकू यावे म्हणून आपण शब्द तोडून, एकेक अक्षर ओढत सांगतो : ‘पि…श…वी’. एकेक अक्षर ओढले की ‘पि’ची ‘पी’ होते, आणि मूल प्रामाणिकपणे ‘पीशवी’ लिहिते. म्हणजे चूक आपल्या तोंडून निघालेली असते आणि गोल पडतो तो मुलाच्या वहीत. शब्द नेहमी सलग आणि नेहमीच्या वेगाने सांगावा. कळला नाही तर वाक्यात घालून पुन्हा सांगावा, पण तोडू नये. एका वेळी पाचच शब्द सांगावेत आणि त्यांत एक तरी शब्दजोडी असावी, जसे ‘जीभ’ आणि ‘जिभेला’.

तपासताना चुकलेल्या अक्षराभोवती गोल करण्याऐवजी शब्दाशेजारी ‘म्हणून बघ’ एवढेच लिहावे. मुलाने शब्द वाक्यात म्हणावा, दाणे-शेंगा मांडाव्यात आणि स्वतः दुरुस्ती करावी. कानाने सापडणारी चूक आणि न सापडणारी चूक या आपल्या मनात वेगळ्या ठेवाव्यात. ‘फूलाला’ ही पहिल्या प्रकारची, म्हणून ती शोधायला सांगावी. ‘गूण’ ही दुसऱ्या प्रकारची. तिथे बरोबर रूप लिहून दाखवावे आणि पुढे जावे.

कान जिथे पुरत नाही

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द आपली मूळ वेलांटी आणि उकार घेऊनच येतात. मराठीच्या सवयीप्रमाणे ‘गूण’, ‘वीष’, ‘मंदीर’, ‘तरूण’ व्हायला हवे होते, पण लिहायचे गुण, विष, मंदिर, तरुण, दक्षिण, पंडित. त्याचप्रमाणे ‘पूजा’, ‘गीता’, ‘भीती’, ‘परीक्षा’, ‘सूर्य’, ‘मूर्ती’ यांत पुढे लांब अक्षर किंवा जोडाक्षर असूनही आधीचे दीर्घच राहते. प्रत्यय लागला तरी त्यांतले बहुतेक बदलत नाहीत : शरीर-शरीराला, गीत-गीताला. हे शब्द तिसरीच्या आधी नियम म्हणून शिकवू नयेत. जे शब्द मुलाच्या पाठात येतात तेवढेच एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावेत, आठवड्याला तीन-चार नवे वाढवावेत. त्यांची कारणमीमांसा चौथी-पाचवीत, मूल संस्कृत आणि मराठी यांतले नाते समजण्याइतके मोठे झाल्यावर करावी.

याच ठिकाणी घरातल्या जुन्या पुस्तकांचा प्रश्न येतो. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले १४ नियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, हा आजच्या शालेय लेखनाचा पाया आहे. त्यापूर्वी ‘कवि’, ‘गति’, ‘गुरु’, ‘मूर्ति’ असे तत्सम शब्दांचे शेवटचे अक्षर ऱ्हस्व लिहीत. आता ‘कवी’, ‘गती’, ‘गुरू’, ‘मूर्ती’ असे लिहितात. आजोबांच्या हातची वही किंवा जुनी पोथी पाहून नातवंडाने ‘हे चूक आहे’ म्हटले, तर ते त्या काळी बरोबर होते असे त्याला अवश्य सांगावे. समासात मात्र जुने ऱ्हस्व रूप आजही टिकून आहे : कविराज, गुरुदक्षिणा. हिंदी वाचू लागलेल्या मुलांचाही इथेच गोंधळ होतो, कारण हिंदीत आजही ‘शांति’, ‘शक्ति’, ‘गुरु’ असेच लिहितात. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी अशा पाच-सहा शब्दांचे हिंदी आणि मराठी रूप शेजारी-शेजारी लिहून ठेवले की पुरते.

इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशातल्या मराठी मुलांना उलट दिशेनेही मदत लागते. इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, हा फरक ऐकायलाच हवा. मराठीच्या सवयीने एकाक्षरी शब्दातला इकार लांबत असल्यामुळे मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडून दोन्ही ‘शीप’ होतात. दाणे-शेंगांचा खेळ इथे जसाच्या तसा वापरता येतो. फक्त मुलाला हे सांगावे, की मराठीत शेंग बहुधा जागेवरून कळते, इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाची शेंग वेगळी लक्षात ठेवावी लागते. शिवाय त्या भाषेत या दोन स्वरांत लांबीबरोबर जिभेची ठेवणही थोडी बदलते.

‘दिन’ आणि ‘दीन’ ही जोडी मी सगळ्यात शेवटी, तिसरीच्या मुलांबरोबर घेते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि त्या आठवड्यात गावोगावी फलक लागतात. मुलांना वही-पेन्सिल घेऊन शाळेच्या वाटेवरचे फलक वाचायला सांगावे आणि जिथे ‘दिन’ शब्द येतो तिथली वेलांटी जशी दिसेल तशी उतरवून आणायला सांगावे. ‘गौरव दीन’ असे लिहिलेला एखादा फलक सापडतोच. तो कोणाचा, याची चर्चा करू नये. वर्गात शब्दकोश उघडावा, ‘दिन’ आणि ‘दीन’ या दोन्ही शब्दांवर बोट ठेवून मुलांकडून अर्थ वाचून घ्यावेत आणि फलकावरचे वाक्य दोन्ही अर्थांनी मोठ्याने म्हणायला सांगावे.